जियाचा साडेसातचा तास

४ नोव्हेंबर
तळेगावच्या फ्लेक्सवाल्याने पाटी परत पाठवली. हाताने काढलेलं चालत नाही म्हणे, कॉम्प्युटरवरची फाइल द्या. एकतीस वर्षं लोणावळ्यात पाट्या रंगवतोय मी! घरी येऊन ब्रश न धुताच बसलो.
बायकोने, रशिदाने, मला न विचारता बंगळूरला जियाला फोन लावला. पोरगी म्हणाली, माझा जुना लॅपटॉप कपाटात आहे, रोज साडेसातला शिकवते अब्बांना.

६ नोव्हेंबर
पहिला तास. माझा पडदा तिला तिकडे दिसतो, तिचा चेहरा मला कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. पडद्यावरचा बाण हातातून सुटत होता. ती हसली नाही. लेअर काय ते समजावू लागली, तर मीच म्हणालो, म्हणजे रंगाचा खालचा हात वाळल्यावर वरचा हात. "हो अब्बा, तेच!" म्हणाली.
चुकलं तर एक बटण दाबून मागे जाता येतं. भिंतीवर अशी सोय नव्हती.

९ नोव्हेंबर
यंत्रातला ळ म्हणजे पोट सुटलेला हवालदार. लोणावळ्याची पाटी कशी काढायची याने?

१५ नोव्हेंबर
आज ळ कागदावर काढला, फोटो घेतला, पडद्यावर त्याच्या कडेकडेने रेघ फिरवली. माझा ळ, यंत्रात. जिया बराच वेळ बघत राहिली. तास संपला तरी फोन ठेवला नाही. काय जेवलात, गुडघा कसा आहे, अम्मी औषध घेते का.
तीन वर्षांत पहिल्यांदा. ती नोकरीला निघाली तेव्हा मी म्हणालो होतो, इथं काय कमी आहे तुला? स्टेशनवर गेलो नाही. आठ महिने बोललो नाही. त्यानंतर फोन यायचा तो अम्मीला. माझ्या वाट्याला दोन वाक्यं — बरं आहे ना, बरं आहे.

१६ नोव्हेंबर
दुपारपासून घड्याळ बघतोय.

२२ नोव्हेंबर
खरं लिहितो. मला आता येतं. रंग भरणं, मापं, फाइल पाठवणं, सगळं. तरी काल तिला विचारलं, अक्षरातलं अंतर कसं बदलायचं गं? सकाळीच चार वेळा बदललं होतं. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, न कंटाळता.
रशिदा दारात उभी होती. ती टाकवे गावची, बोलायला भीत नाही. "तुमाला येतंय की. मंग पोरीला कशापायी दमवताय?"
शिकून झालं की तास संपला. एवढं तिला कसं सांगू?

१ डिसेंबर
तिकोणा पेठेच्या राजेंद्रभाऊंनी धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू टाकलेत. बारा पाट्या हव्या होत्या. दोन दिवसांत केल्या. 'स्वच्छतागृह' मधला च्छ नीट जुळवायला अर्धा दिवस गेला. फ्लेक्सवाला म्हणाला, भाऊ, कुणाकडून करून घेतल्या?
जियाला हे सांगितलं नाही. फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवल्या.

३ डिसेंबर
तास संपताना जिया म्हणाली, अब्बा, शिकवण्यासारखं आता फार उरलं नाही. शनिवारपर्यंत संपेल. मी म्हणालो, मला तर काहीच लक्षात राहत नाही. माझाच आवाज मला खोटा वाटला.

४ डिसेंबर
आज सांगून टाकलं.
"जिया, मला पंधरा दिवसांपूर्वीच सगळं आलं होतं."
चौकटीतला तिचा चेहरा हलेना. मला वाटलं, रेंज गेली.
"मग रोज काय विचारत होतात?"
"तू फोन ठेवशील म्हणून. त्या दिवशी स्टेशनवर यायला हवं होतं मी."
तिने तोंडावर हात धरला. नंतर बोलते, म्हणाली. पडदा रिकामा.

५ डिसेंबर
साडेसातला लॅपटॉप उघडून बसलो. नऊला रशिदाने येऊन बंद केला.

७ डिसेंबर
सकाळी दार वाजलं. जिया. दोन बॅगा.
नोकरी ऑगस्टमध्येच गेली होती. आम्हाला कळू दिलं नाही. म्हणाली, "दिवसभर खोलीत एकटी असायचे, अब्बा. साडेसात वाजायची वाट बघत."
आत झोपलीय. रशिदाला सांगून ठेवलंय, उठवू नकोस.