झोक्यावरची रडगाणी

ता. ५ मे १९३५, रविवार. आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. धरणगाव.

आज ऊन उतरल्यावर जमनानं झोक्यावरून ती एक ओळ म्हटली, आणि माझं सगळं पालटलं!

निंबाला दोर, दोरावर आळीपाळीनं माहेराला आलेल्या पोरी. गात सगळ्याच होत्या, पण मला आवाज तिचाच आला –

सासरनी भाकर कडू लागस माय,
घास उतरस नही, कोनले सांगू?

कोनले सांगू! मला सांग ना! पाच पावलांवर तर उभा होतो. मार्गशीर्षात तिचं लग्न लागलं, चाळीसगावच्या त्या कंपाउंडरशी. पंधरा दिवसांत मी पुण्याचं कॉलेज सोडून घरी आलो. तेव्हापासून आबा विचारतायत, दुखणं पोटात आहे की डोक्यात?

ती दुःखात आहे. मला ठाऊकच होतं.

ता. ६

सकाळी चार सांजोऱ्या खाल्ल्या. अक्का म्हणाली, "विरहात भूक बरी लागते रे तुला!"

अक्का माझी थोरली बहीण. परवा मीच मुराळी होऊन तिला धुळ्याहून आणलं. आखाजीला बहिणीला आणायला भावानं जायचं, परत पोचवायचंही त्यानंच. मोटारीत विचारलं, कशी आहेस? "बरी आहे," म्हणाली. मग अमळनेर येईपर्यंत मी जमनाचंच बोलत होतो.

इंदूरला फत्तेसिंग आहे, कॉलेजातला दोस्त. त्याच्याकडे खोली मिळेल. जमनाला घेऊन तिकडे जायचं. लोक बोलतील – बोलू देत!

ता. ७

उद्या बोलणार. ठरलं.

ता. ८

बोललो. मेलो.

ती आपल्या अंगणात शेवया वाळत घालत होती, तिची आई आत. मी एका दमात सांगून टाकलं – इंदूर, खोली, सगळं. ती आधी बघतच राहिली. मग हसली. असं हसली की हातातल्या शेवया खाली पडल्या.

"येडा शे का तू, मगन? झोकावर काय 'मना नवरा चांगला शे' असं म्हनू? बठ्ठ्या पोरी हसतीन मले!"

मी म्हटलं, मग ती भाकर? तो घास?

"ते गानं शे रे बाबा! मनी सासू मले दूध पाजाडस." मग हसणं थांबलं. "मी सुखमा शे. तुले ते गोड लागत नही, त्याले मी काय करू?"

वचन म्हणावं तर तिनं मला कधी दिलंच नव्हतं. हेही तिनंच सांगितलं. खरं आहे.

ता. ९

ती सुखात आहे. लिहून पाहिलं. पुन्हा लिहितो – जमना सुखात आहे.

इथे कोण वाचतंय? तर खरं लिहावं. मला तिला सोडवायचं नव्हतं. मला ती रडायला हवी होती. रोज, थोडी थोडी, माझ्या नावानं. आणि पुण्यात, तिचा विचार डोक्यात शिरण्याआधी, मी एकटा मजेत होतो! एकटा हिंडायचो, एकटा जेवायचो, काही अडत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. प्रेमवीराला शोभत नाही ना!

ता. १०

अक्कावर ओरडलो. म्हटलं, तुम्ही बायका सगळ्या खोटारड्या! गाण्यात एक, तोंडावर एक!

ती चुलीपुढे होती. मागं न बघता म्हणाली, "मी झोक्यावर बसले, पण गायले नाही. पाहिलंस?"

नाही पाहिलं.

"मी म्हटलं असतं ना मगन, तर ते गाणं राहिलं नसतं."

मग हळूहळू सांगितलं. दाजी तीन वर्षं तिच्याशी बोलत नाहीत. एक शब्द नाही. पाणी हवं तर तांब्याकडे बोट. काय चुकलं, तेही सांगत नाहीत. "घरात माझं नाव कुणी घेतच नाही. इथे आले की तू अक्का म्हणतोस, तेव्हा दचकायला होतं."

लाज वाटते, पण लिहितो. ऐकताना आधी मला बरं वाटलं. चला, कुणीतरी माझ्यासारखं आहे! मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

ता. ११

आबांना सांगितलं. आबा सुपारी कातरत होते.

"मारस का तो?"

नाही.

"खावाले देस ना?"

हो.

"मंग?"

मी म्हटलं, ती परत जाणार नाही. आबा म्हणाले, "कॉलेज सोडीसन घर बसना, आते बहीनलेबी बसाड! उद्या मोटारनी येळ चुकाडू नको."

अक्काला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." संध्याकाळी माझ्यापाशी येऊन एवढंच म्हणाली – "नको जायला."

ता. १२. मोटार स्टँड.

अक्का ओसरीवर ट्रंक घेऊन बसली होती. मी ट्रंक उचलली आणि परत माजघरात नेऊन ठेवली. आबा ओरडत राहिले. धुळ्याला मात्र जायचंच आहे, अक्का येणार नाही हे दाजींना सांगायला. एकटाच बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.