लिव्हर सोडून बाकीची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, शिक्षण अर्धवट, काम प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल, आज पूर्ण शुद्धीत (भूल उद्या आहे) आणि आवाज न चढवता लिहून ठेवतो, की उद्या माझ्या लिव्हरचा तुकडा बाबांना बसवणार आहेत. त्यात माझं बरंवाईट झालंच, तर चीजवस्तूंची वाटणी अशी करावी.

१. बँकेतली शिल्लक आईला. हसू नये.

२. मोटारसायकल धाकटीला. दादाला अजिबात नाही. कॉलेज सोडलं तेव्हा तो म्हणाला होता, "झाला उंदरांचा हवालदार!" त्याला हेल्मेट द्यावं. आत ठेवायला काही मिळालं तर ठेवील.

३. उंदीर माझ्या मालकीचे नाहीत, पण बाबांशी झालेल्या भांडणाचं मूळ तेच. सगळ्यांना लिव्हर खराब करणारं द्रव्य टोचतात. निम्म्यांना पहिल्या दिवसापासून एका काटेरी झाडाच्या बियांचा अर्कही पाजतात. त्यांच्या लिव्हरवर वण कमी पडतात. हे मी घरी फुशारकीने सांगितलं आणि बाबा अडून बसले. "उंदराला चालतं ते मला का नाही? अर्क आण. अर्धवट शिकलेल्याचं अर्धवट लिव्हर मला नको!"

मी ताट आपटलं. मग आमच्या संशोधक मॅडमना घरी घेऊन आलो. (मॅडम माझ्यापेक्षा वर्षानेच मोठी आहे. मनात मी मॅडम म्हणत नाही.)

ती म्हणाली, "काका, अर्क आधीपासून दिला तर वण अडवतो, पडलेले पुसत नाही. तेही अजून उंदरांतच. तुमच्याकडे वेळ नाही, मुलगा आहे."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग मला म्हणाले, "दुखेल का रे तुला?"

तेव्हापासून त्यांच्याशी असलेली माझी सर्व भांडणं रद्द समजावीत. दादाशी असलेली चालू राहतील.

४. बाबांना या मृत्युपत्रान्वये काहीही नाही. त्यांचं त्यांना हयातीतच देतोय.

५. गिटार मॅडमना. हे कलम तिने स्वतः खोडलं आहे. ती साक्षीदार म्हणून सही करायला बसली, तेव्हा शेजारचे वकीलकाका म्हणाले, "ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये." ती म्हणाली, "मग मला काही नको. पेन द्या." आणि माझ्याकडे न बघता, "बेसूर तर बेसूर, तूच येऊन वाजव." खाडाखोड मला मान्य आहे. फारच मान्य आहे.

ठिकाण : रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक : शस्त्रक्रियेच्या आदली दुपार
सही : (केली)

साक्षीदार :
१. वकीलकाका
२. मॅडम. सही थोडी वाकडी आली आहे. सही करताना ती कागदाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. खरी धरावी.