काठी, छत्री आणि आमचा निष्पक्ष ट्रस्ट

तीर्थरूप चंपतभाऊंस,

सक्करदऱ्याहून धाकट्या ताराचा वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? नरखेडकडे थंडी छान पडली असेल. इथे तिला पडायला जागाच नाही, सगळीकडे उमेदवारांचे फलक लागलेत. घरचे सगळे बरे आहेत. मीच जरा कमी बरी आहे, कारण मी ट्रस्टची सचिव आहे.

आमचा ट्रस्ट तुम्हाला ठाऊक आहेच. (वहिनींचा पाय मोडला तेव्हा वॉकर इथूनच नेला होतात. तो अजून परत यायचा आहे, पण तो विषय आज नको.) वॉकर, व्हीलचेअर, काठ्या आम्ही म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना फुकट वापरायला देतो. आमच्या पावतीवर देणगीदारांना करात सूट मिळते म्हणून देणग्या येतात. ती सूट गेली की ट्रस्टला कुलूप. महापालिकेची निवडणूक लागली तशी आमचे सीए पियूष येऊन बजावून गेले, की काकू, ट्रस्टचं नाव कुठल्याही उमेदवाराशी जोडलं गेलं तर सूट गेली म्हणून समजा. मी म्हटलं, आमच्या मोडक्या व्हीलचेअरला कोण जोडून घेतंय!

आणि आमच्या प्रभागातले अपक्ष उमेदवार भैयाजी यांना चिन्ह मिळालं: चालण्याची काठी.

भाऊ, इथल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या हातात आमची काठी आहे आणि प्रत्येक काठीवर ट्रस्टचं नाव आहे. (पक्क्या रंगात. घासलं तरी जात नाही. तो हट्टही माझाच.) छत्री चिन्हावर उभे असलेले कृष्णकांतराव लगेच तक्रार घेऊन धावले, की हा ट्रस्ट भैयाजींचं चिन्ह घरोघर वाटतोय. निवडणुकीतला खर्च तपासणारं भरारी पथक आलं. त्यांच्याजवळ दरांचा तक्ता असतो. चहा, समोसा, खुर्ची, मांडव, सगळ्याचा भाव ठरलेला, आणि त्या भावाने ते उमेदवाराच्या खर्चात धरतात. काठी काही तक्त्यात सापडेना. पथकाच्या साहेबांनी बराच विचार केला, तिला ‘झेंड्याचा दांडा’ म्हणून धरलं, आणि मग माझ्याकडे झेंडे मागितले.

मागोमाग भैयाजी आले, ते तणतणतच. “काहून काठ्या वाटून राहिल्या तुम्ही ताई? अजून मी कोणाले एक कप चहा नाही पाजला, अन् तुमच्या बुढ्यांनी माह्या खर्चाची मर्यादा संपवून टाकली!”

मग मी कायद्याला धरून वागले. दारोदार फिरून सगळ्या काठ्या गोळा केल्या आणि मतदान होईपर्यंत ट्रस्टच्या खोलीत बंद करून टाकल्या. फार समाधान वाटलं. सकाळी उठून पाहते तर गल्लीतले सगळे म्हातारे छत्र्या टेकत फिरायला निघालेले! आभाळात ढगाचा ठिपका नाही. आता भैयाजींची तक्रार, की ट्रस्टने मुद्दाम काठ्या काढून घेऊन लोकांना छत्रीवर आणलं. तेच पथक, तेच साहेब. छत्रीचा दर मात्र तक्त्यात होता, त्यामुळे या खेपेला साहेब खुशीत होते. मी पियूषला फोन करून विचारलं, की दोन्हीकडून तक्रार आली म्हणजे आपण निष्पक्षच ठरलो ना? तो म्हणाला, काकू, असं कलम नाही. शेवटी मी फळ्यावर सूचना लिहायला घेतली, की काठी नको, छत्री नको, एकमेकांचा हात धरून चाला. (हे ऐकून पियूष फोनवरच किंचाळला. त्या चिन्हाचाही उमेदवार आहे म्हणे.)

हे सगळं एक वेळ सोसलं असतं, पण मागच्या आळीतल्या पंचफुलाबाईंनी निरोप धाडून बोलावलं. काठी नेल्यापासून बाई खाटेवरच. मी त्यांना आचारसंहिता समजावू लागले तर म्हणाल्या, “चिन्ह-बिन्ह मले काय मालूम वं तारा? मले संडासले जाचं हाय. तिथं काय मी भैयाजीचा प्रचार करून राहिली?” खरं सांगते भाऊ, मला तिथेच रडू आलं. त्यांना धरून नेऊन आणलं, आणि ट्रस्टची सूट आठवून तशीच रिकाम्या हाताने घरी आले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची कोणत्याही पक्षाची नसलेली बहीण,
तारा

ता. क. खरं काम राहिलंच. संत्र्याच्या फांद्यांना टेकू लावता ते बांबू आता रिकामे पडले असतील. ते कमरेइतके कापून एसटीने पाठवा. सरळच हवेत, मूठ वाकवू नका. भैयाजींच्या काठीची मूठ वाकडी आहे. बांबू कोणाचंही चिन्ह नाही, मी खात्री करून घेतली आहे.

ता. क. आणखी एक, आणि हे पियूषच्या कानावर जाऊ देऊ नका. आज संध्याकाळी मी पंचफुलाबाईंची काठी शालीत गुंडाळून त्यांना देऊन आले. म्हणजे ट्रस्टने प्रचार केला तो केलाच. बाई काठी टेकून उठल्या, दारापर्यंत चालल्या आणि म्हणाल्या, “लय उपकार झाले वं माय. पण मत मी छत्रीलेच देणार हाय. थ्या भैयाजीच्या पायी माही काठी गेली होती!” तेव्हा भाऊ, वाटली काठी आणि मत चाललं छत्रीला. हा खर्च कोणाच्या नावावर धरायचा, हे साहेबांना विचारायची काही माझी हिंमत होत नाही.