शेपटीकडची खुर्ची

७ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

शिवणयंत्र कुरकुरतंय म्हणतेस, तर त्यालाही थोडं तेल घाल. सगळं आईच्या गुडघ्यांनाच चोळू नकोस.

तुमच्याकडे मैदानावर युद्धातल्या जुन्या विमानांचं प्रदर्शन भरतंय, असं पेपरात वाचलं. आपला लंबू ज्या विमानासकट बेपत्ता झाला, त्याच जातीचं एक तिथे ठेवणार आहेत. तू जाच. तो शेपटीकडे बंदुकीवर एकटा बसायचा, म्हणजे उडी मारायला सगळ्यात सोपं, हे मी नऊ वर्षं सांगतेय. तिथे नीट विचार आणि मला सविस्तर कळव. आईला नेऊ नकोस, उगाच दमेल.

तुझी खाष्ट नणंद

१५ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न.

आई बऱ्या आहेत. बटणं आणायला जाते, असं त्यांना सांगून काल गेले.

लोक पोराबाळांसह आले होते, पंखांच्या सावलीत डबे उघडून जेवत होते. आधी राग आला. मग वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं?

यांच्या विमानासारखं विमान कोपऱ्यात होतं. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी मला पार मागपर्यंत जाऊ दिलं. वन्सं, ती कसली खुर्ची, बंदुकीमागचं फडताळ आहे नुसतं. माझेच गुडघे छातीशी आले. टेप जवळ नव्हती, म्हणून पाठीमागच्या दाराला विती घातल्या. यांच्या खांद्यांचं माप मला पाठ आहे, सगळे शर्ट मीच शिवले. त्यावर तो जाडजूड कोट. त्या दारातून हे निवांतपणीसुद्धा तिरके होऊनच निघाले असते. आणि पॅराशूट आत मावत नाही, म्हणून ते दाराबाहेर टांगलेलं असायचं. मी हात मागे नेऊन पाहिला. पोचला नाही. पुन्हा पाहिला.

विमान पेटल्यावर इथून कुणी निघायचं का, असं काकांना विचारलं. ते फडक्याने हात पुसत म्हणाले, क्वचित. मग हळूच त्यांनी विचारलं, तुमचं कुणी होतं का. मी सवयीने म्हणून गेले, "आहेत." त्यांनी मान खाली घातली. वन्सं, तेव्हा माझ्यातलं काहीतरी संपलं.

बटणं राहिलीच. दुकान बंद होतं, असं आईंना सांगितलं. त्या अजून जिना वाजला की कान टवकारतात. त्यांना मी काही सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

एक मागणं आहे. यापुढे मला 'सौ.' लिहू नका. तुमचं पत्र आलं की मी आधी ते अक्षर बघायची, मग बाकीचं वाचायची. आता ते बघवणार नाही.

रागावू नका. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची वहिनी

२१ फेब्रुवारी

चि. वहिनीस,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. लहानपणी लपाछपीत लंबू कपाटात शिरायचा, पण पाय बाहेरच राहायचे. नेहमी पहिला तोच सापडायचा. असल्या मुलाला तिथे कसं गं बसवलं त्यांनी?

वरचं अक्षर गाळलंय. हात अडला, पण गाळलं.

मात्र टपाल आई घेते आणि पाकिटावरचा पत्ता बोट ठेवून वाचते. तिच्या लगेच लक्षात येईल. म्हणून पाकिटावर 'सौ.' आहे, आणि आई आहे तोवर राहील. तू तिकडे बघू नकोस. पाकीट तिच्याजवळ राहू दे, आतलं पत्र तेवढं तू घेत जा.

तुझीच,
नणंद