माझ्या नावाचा धवला

३ फेब्रुवारी, मंगळवार
लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा. शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटी, मुरबाडला किरणच्या गोडाऊनात. माझं कडवं पाचव्यांदा रेकॉर्ड केलं. चार वेळा मांडवाचे पाइप खणखणले. शेवटी कि.ने शटर ओढलं, भाड्याच्या गाद्या भिंतीला उभ्या लावल्या. आत भट्टी. पण कडवं बसलं.

डोंगरामागं धरान हाय, घशात पडली कोरड
पाइप चालला शहरात, तुमी ऐका आमची ओरड
टँकर येतो मंगलवारी, हंडा माझा बारावा
विहिरीतला बेडूक पुसतो, आता कुनीकडं जावा

बेडकाला कि. हसला. लग्नसराईत मांडव, लाइट, साउंड सगळं एकट्याच्या अंगावर असताना हा माणूस हसतो म्हणजे जमलंय. कॉलेजात मी लिहायचे, तो बाकावर ठेका धरायचा. आता बाकाच्या जागी लॅपटॉप, बाकी तसंच.
"कडवं झकास हाय मनीषा. पन हुक कुटाय? लोकांच्या तोंडात बसंल असं कायतरी पायजे."
परतीच्या एसटीत सहा हुक लिहिले. सहाही टाकाऊ.

८ फेब्रु., रविवार
आईबरोबर शेजारच्या गावात हळदीला. ती हळदीचं पारंपरिक गाणं, धवला, गायला, मी जेवायला. पंचक्रोशीत धवला गाणाऱ्या आता तिघीच उरल्या, त्यातल्या एकीचा आवाज गेलाय. आईने सूर लावला आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं. लहानपणापासून ऐकतेय, पण आज पहिल्यांदा खाली ठेका ऐकू आला. फोनवर रेकॉर्ड करून तिथूनच कि.ला पाठवलं. त्याचा लगेच फोन, "हाच हुक. हाच!"
घरी येऊन आईला सांगितलं. तिचा चेहरा बदलला.
"त्या पोरीच्या नावानं गायलाय तो. तिचा हाय. पुसून टाक."
धवल्यात नवरीचं नाव येतं. ज्या पोरीच्या नावाने गायला, त्या पोरीचा तो. दुसरीकडे वापरायचा नाही, आणि एका पोरीला हळदीचा धवला दोनदा गायचा नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सोयीने विसरले होते. तिच्यासमोर पुसला, कि.लाही पुसायला लावला.

१५ फेब्रु., रविवार
आठवडाभर आईच्या मागे लागले होते. आज ती स्वतःहून म्हणाली, "चल, कुटाय तुझा मुरबाडचा कारखाना." ठेवणीतलं लुगडं नेसली. गोडाऊनात शिरल्यावर आधी पायातल्या चपला काढल्या, मग माइकला हात लावून नमस्कार. कि. गडबडून स्वतःच्या चपला काढून उभा.
आईने विचारलं, "कुनाच्या नावानं गाऊ?"
कि. म्हणाला, "घ्या मावशी कुठलं पन. रेखा घ्या, सीमा घ्या."
आई डोळे मिटून एका दमात गायली. 'मांडवाच्या दारी कोन उभी गो, मनीषा बाय उभी गो.' मी हेडफोन धरून आवाजाच्या रेघा बघत होते. माझंच नाव, आणि माझ्या डोक्यात शिरलं नाही. काम चांगलं झालं एवढाच आनंद.
एसटीत किन्हवली गेल्यावर ट्यूब पेटली.
"आई, माझं नाव घेतलंस?"
"मग कुनाचं घेऊ? लोकांच्या पोरी काय फुकट हायेत?"
"मग माझ्या लग्नात?"
"तुझा झाला आता. तवा लागला असता तर तवा दिला असता. आता लागला, आता दिला."
आणि शेंगा सोलत बसली. अर्ध्या मला दिल्या. लग्नाचं माझं काही ठरलेलं नाही, मला घाईही नाही. तरी आटगावला उतरेपर्यंत माझ्या वाटच्या शेंगा तशाच हातात होत्या.

२३ फेब्रु., सोमवार
शनिवारी गाण्याचा एक मिनिटाचा तुकडा नेटवर टाकला. आज लॅबमध्ये रक्त काढताना एक पेशंट, "मॅडम, बेडूकवाल्या तुमीच ना?" हवेत होते.
घरी आले तर वेगळाच तमाशा. आईच्या आवाजात माझ्या नावाचा धवला ऐकून अख्ख्या गावाने माझं लग्न लावून टाकलंय. शेजारची काकू मुलगा कुठला विचारून गेली. मामाचा फोन, "सख्ख्या मामाला सांगितलं नाय? मंग मामा कशाला म्हन्ता?" अर्धा तास समजावलं. शेवटी, "बरं, पन गानं चांगलं हाय. पानी खरंच नाय." मामाचं गाव उंबरमाळीच्या वर डोंगरात. त्याला कोण सांगणार पाण्याचं.

५ मार्च, गुरुवार
ठाण्याच्या एका म्युझिक कंपनीचा कि.ला फोन. गाणं हवंय. कि.ने मला तीनदा तेच सांगितलं. एवढा खूश तो बहिणीच्या लग्नातही नव्हता.

१२ मार्च, गुरुवार
ठाण्याला जाऊन आलो. एसी, काचेची टेबलं. सावंत सर म्हणून आहेत. माणूस वाईट नाही, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मलाच वाटायला नको की रागात लिहिलं. आईचा आवाज ऐकताना त्यांचे डोळे खरंच भरले. म्हणाले, "हे सोनं आहे."
मग त्यांच्या माणसाने केलेलं गाणं ऐकवलं. आईचा आवाज दुप्पट वेगाने पळवलाय, खाली डीजेचा धुमधडाका. माझ्या कडव्यातून धरण गेलं, पाइप गेला, टँकर गेला, बेडूक गेला. 'हंडा माझा बारावा' तेवढं ठेवलंय. हंडा कमरेवर घेऊन पोरगी नाचणार म्हणे. आवाजही माझा नाही, त्यांच्या गायिकेचा.
"हळदीत लोक नाचायला येतात, मनीषा. टँकरवर कोण नाचणार?"
आणि मुख्य गंमत पुढेच. नाव. मनीषा काढायचं. आईचा आवाज त्यांच्या कॉम्प्युटरला शिकवला की कुठलंही नाव तिच्याच आवाजात म्हणता येतं. ज्या घरची हळद, त्या पोरीचं नाव टाकून द्यायचं. "आईंना परत त्रास नाही." त्यांना ही फार चांगली गोष्ट वाटत होती.
आईच्या आवाजाच्या कागदावर तिची सही हवी, आणि माझ्या शब्दांसाठी माझा लेखी होकार. सोमवार, तीस तारखेपर्यंत.
कि. सगळा वेळ मान हलवत होता. स्टेशनवर भांडलो. मी त्याला विकाऊ म्हणाले. तो म्हणाला, "दहा वर्षं लोकांच्या गान्यांचे स्पीकर उचलतोय गो. एकदा माझा ठेका त्यातून वाजला तर काय पाप झालं?" लोकल आली, चढलो. तो मुरबाडच्या जीपसाठी कल्याणला उतरला, माझ्याकडे न बघता.

२२ मार्च, रविवार
किन्हवलीजवळ एका हळदीला कि.चा साउंड होता. अबोला असून त्याने बोलावलं. "ये, बघ." आमचंच गाणं वाजवलं त्याने, टँकरसकट. लोक नाचले. बायका, म्हातारे, सगळे. बेडकाच्या ओळीला ओरडत होते. मी कि.कडे विजयी वीरासारखं बघितलं.
मग त्याने बाजूच्या बाईला विचारलं, "मावशी, गानं कशाचं हाय?"
"हलदीचं ना रे!"
आणखी दोघांना विचारलं. हळदीचं. एक पोरगा म्हणाला, बेडकाचं.
कि. हसला नाही, हे त्याचे उपकार. "तुझं कडवं ठेव नायतर काढ, हितं तेच होनार. पन कंपनी घेईल तर हजार ठिकानी वाजंल. हजारात एकजन तरी इचारंल."
त्याचं अगदीच चूक नाही. मलाही ते नाचत होते तेव्हा बरं वाटलं होतं. भयंकर बरं वाटलं होतं. पण त्यांच्या गाण्यात विचारण्यासारखं काही उरलंच नाहीये, हे तिथे सुचलं नाही. आत्ता लिहिताना सुचतंय. नेहमीचंच.

२७ मार्च, शुक्रवार
इतके दिवस आईला नुसतं "चालू आहे" म्हणत होते. आज कंपनीचं गाणं ऐकवलं. हंडा तिने जाऊ दिला. धवला दोनदा लावायला सांगितला.
"नाव कुटं गेलं?"
कॉम्प्युटरचं समजावलं. तिला पटकन समजलं, माझ्यापेक्षा पटकन. चिडेल असं वाटलं होतं. नाही चिडली.
"मना इचारू नको. मी सही करीन नायतर नाय करनार, तू सांगशील तसं. धवला तुझ्या नावानं गायला. तुझा हाय तो."
सोपं केल्यासारखं बोलली आणि सगळं माझ्या गळ्यात टाकून पाण्याला गेली. मला तिचाच राग आला. मनाई केली असती तर काय बिघडलं असतं? मी कंपनीला सांगितलं असतं, आई नको म्हणते. कि.ला सांगितलं असतं. सुटले असते.

२९ मार्च, रविवार
कि.चा मेसेज, 'उद्या लास्ट. मी तुझ्यावर सोडलंय.' सगळेच माझ्यावर सोडतात.
दुपारी वरच्या आळीतला सुरेश आला. त्याच्या बहिणीची, रेश्माची, हळद पुढच्या शनिवारी. मला वाटलं आईला धवल्याचं आमंत्रण द्यायला आलाय. रेश्माच्या दोन्ही मोठ्या बहिणींना आईच गायली होती.
तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, ते तुझं गानं डीजेवर लावनार हाय. किरणदादा म्हन्ला, आता नाव बदलून भेटतं. रेश्माचं नाव टाकून देशील का? मंग मावशीला जागरनाचा तरास नको. आवाज मावशीचाच हाय ना."
अगदी आपुलकीने बोलला. आईच्या पाया पडला, चहा घेतला, गेला.
आई तांदूळ निवडत होती. सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग वर न बघताच म्हणाली, "मनीषा, शनवारी मी जायाचं का नाय, तेवढं उद्यापतूर सांग."