इद्दत आणि फायनल

१७ ऑगस्ट २०२२, अकोला

वर्ल्डकप गेला! मुलींचा, सतरा वर्षांखालचा. ऑक्टोबरात आपल्या देशात होणार होता, फिफाने काढून घेतला. शेजारच्या सुभद्राताई पेपर वाचून झाला की भिंतीवरून देतात. त्यात शेवटच्या पानावर होतं.

फुटबॉलवेड्या लेकीला, गजालाला, कसं सांगावं म्हणून दुपारभर घरात फिरत राहिले. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. दुसरीकडे कुठे जाणार? इद्दतीत आहे. परवेज वीस जूनला गेले, तेव्हापासून उंबरठा ओलांडलेला नाही. नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरातच राहायचं. जैनुद्दीनभाईंनी मोबाइलच्या कॅलेंडरवर मोजून सांगितलं – तीस ऑक्टोबरला सुटेल. ते माझे जेठ, परवेजचे थोरले भाऊ, अमरावतीला कापडाचं दुकान आहे. त्यांचा हिशोब चुकत नाही असं सगळे म्हणतात.

पोरगी कॉलेजातून आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मले माहीत आहे अम्मी. त्यावर बोलू नको."

जेवली नाही.

१८ ऑगस्ट

बोलतो आम्ही आमच्या बोलीत, वहीत उतरवलं की मराठी होतं. शाळा उर्दू, चौथीपर्यंत. मराठी मी परवेजच्या न विकलेल्या पेपरांवर शिकले. बसस्टँडवर त्यांचा पेपरचा स्टॉल. संध्याकाळी उरलेले पेपर घरी यायचे आणि मी भाकरी भाजता भाजता वाचायची. कितीदा भाकरी जळली. ते म्हणायचे, आज कोणती बातमी खाऊन राहिलो आपण?

आता स्टॉलला कुलूप आहे.

२१ ऑगस्ट

जैनुद्दीनभाई येऊन गेले. इद्दत सुटली की आम्ही दोघींनी त्यांच्याकडे अमरावतीला राहायला जायचं, हे जूनमध्येच ठरलं. मी मान हलवली होती. तेव्हा कोणी काहीही विचारलं असतं तरी हलवली असती.

आज पुढचं बोलले. गजालाला तिथे डॉक्टरकीच्या कोचिंगला घालणार. खर्च त्यांचा. "आता फुटबॉल बस. लय झालं. माह्या भावाची पोरगी डॉक्टर झाली पाहिजे." बोलताना डोळे भरले त्यांचे. मनापासून बोलतात, म्हणूनच त्यांच्यासमोर तोंड उघडता येत नाही.

गजाला आतल्या खोलीत बूट पुसत होती. ते गेले तरी पुसतच राहिली.

२७ ऑगस्ट

बंदी उठली. वर्ल्डकप इथेच होणार. गजाला दोनदा जेवली.

१२ ऑक्टोबर

काल आपल्या मुली पहिली मॅच हरल्या. अमेरिकेशी. आठ-शून्य.

टीव्हीवर जूनपासून चादर टाकलेली आहे. गजालाने मोबाइलवर लावली, आवाज बंद करून. मी शेजारी भाजी निवडत बसले. चौथ्या गोलनंतर मलाच सहन होईना. म्हटलं, बंद कर, कशाला बघतेस?

"त्या खेळून राहिल्या ना अजून."

आज सकाळी जैनुद्दीनभाईंच्या मुलाचा, इमरानचा फोन. "काय गजू, आठ? त्यापेक्षा लंगडी खेळा तुमी." ती म्हणाली, "दहावीत तू किती वेळा बसला ते सांगू का सगळ्यांले?" फोन कट. किती दिवसांनी या घरात हसण्याचा आवाज आला. आणि लगेच दोघीही गप्प झालो. कोणी रागावलं असतं असं नाही. तरी.

१८ ऑक्टोबर

तिन्ही मॅच हरून आपली टीम बाहेर. सोळा गोल झाले आपल्यावर, आपण एकही केला नाही. गजाला हिरमुसली असेल असं वाटलं होतं. तिचं भलतंच. तिच्या कोच, प्राजक्ता मॅडम, टीमच्या पोरींना फायनल दाखवायला नवी मुंबईला नेणार आहेत. फायनल तीस तारखेला. एकोणतीसला संध्याकाळी अंबा एक्सप्रेसने निघायचं.

"अम्मी, अमरावतीले गेलो की सगळं संपणारच आहे. एवढी एक मॅच पाहू दे."

जैनुद्दीनभाईंना फोन केला. नाही म्हणाले नाहीत. "घरातली एखादी बाई सोबत असली तर जाऊ दे."

घरातली बाई कोण? भाभींचे, जैनुद्दीनभाईंच्या बायकोचे, गुडघे जिना चढू देत नाहीत. आणि मी तीस तारखेपर्यंत दाराच्या आत. तीच तारीख!

२३ ऑक्टोबर

गजालाने अचलपूरला फुप्पीला फोन लावला. रहिमाआपा – परवेजची थोरली बहीण. "फुप्पी, मुंबई पाहाची आहे का?" तिकडून काय आलं ते कळलं नाही, पण बराच वेळ फोनमधून खोकला आणि हसणं ऐकू येत होतं. इद्दत सुटायला त्या येणारच होत्या, आता अठ्ठावीसला येतील.

मला चैन नाही. आज सामान बांधायला घेतलं, चहाचे कप काढले, कागदात गुंडाळले. परत सोडून फळीवर ठेवले. मग पुन्हा गुंडाळले. ते कागद परवेजच्याच गठ्ठ्यातले. गुंडाळता गुंडाळता वाचत बसते आणि काम होत नाही. फायनल बघून येईल पोरगी. मग काय? दोन दिवसांनी बूट कुठल्या खोक्यात घालायचे ते मला विचारेल.

२८ ऑक्टोबर

आपा सकाळच्या एसटीने आल्या. पाणी प्यायल्या, पाय पसरले आणि गजालाला म्हणाल्या, "मले कावून नेतं पोरी? मले त्या गोल-बिलातलं काही समजत नाही. तुह्या मायले ने."

"अम्मीची इद्दत तीसले सुटते ना फुप्पी."

"कोण म्हणते?"

"बडे अब्बा."

आपांनी डोळे मिटले. अंगठा बोटांच्या पेरांवर सरकायला लागला. परवेज गेले तो चांदाचा विसावा दिवस, बकरी ईदच्या आधीच्या महिन्याचा. तिथून बकरी ईदचा चांद, मोहरमचा, त्याच्या पुढचा, मग पैगंबर जयंतीचा. वर दहा दिवस. अंगठा थांबला.

"जैनुद्दीननं इंग्रजी महिने मोजले काय? इद्दत चांदावर चालते. चांदाचा महिना लहान राहते. सुटली हिची इद्दत. कालच सुटली."

मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून तिथेच उभी. काल मोकळी झाले होते आणि दिवसभर कपाट आवरत बसले!

आपांनी तिथूनच भावाला फोन लावला. "काय शेठ, कापडासंगं इद्दतही मीटरनं मोजली काय?" जैनुद्दीनभाईंनी मौलवीसाहेबांना विचारलं. थोड्या वेळाने भाईंचाच फोन आला, माझ्यासाठी. "आपाचं बरोबर आहे. चूक माही. पण अमरीन, मोहल्ल्यात सगळ्यांले तीस सांगितली आहे. लोक म्हणतीन, इद्दतीतून उठली अन् सरळ मॅच पाहाले गेली."

आपांनी ऐकलं. "म्हणतीन. म्हणून म्हणून थकतीन."

गजाला माझ्याकडे बघत होती. एवढे महिने त्या दाराकडे बघून जीव कासावीस झाला, आणि आज दार उघडं तर पाऊल उचलेना. बाहेर परवेज नाहीत. स्टॉलवर नाहीत, मशिदीच्या वाटेवर नाहीत. घरात आहे तोवर ते बाहेर गेलेत असं चालवून घेता येत होतं.

दूध उतू गेलं तेव्हा म्हटलं, "मॅडमला विचार, फुप्पीच्या जागी मी आली तर चालते काय."

३१ ऑक्टोबर, परतीच्या गाडीत

अक्षर वाकडं येतंय, गाडी हलते.

स्पेन एक, कोलंबिया शून्य. एवढं मोठं मैदान मी कधी पाहिलं नव्हतं. इतका उजेड! पहिला अर्धा वेळ मी बुरख्याचं टोक मुठीत धरून बसले. कोण कुठे पळतंय काही कळेना. गजाला समजावत होती, अगदी तिच्या अब्बांसारखी, समोरच्याला कळलं की नाही याची पर्वा न करता.

गोल स्पेनच्या पोरींनी मारलाच नाही. मॅच संपत आली होती, आणि कोलंबियाच्याच एका पोरीला लागून बॉल त्यांच्याच जाळ्यात गेला. लोक ओरडले. मी उभी राहिले होते, कधी ते ठाऊक नाही. सोळा-सतरा वर्षांची पोर, घरापासून इतकी लांब, सगळ्या जगासमोर. मला वाटलं, आता ही मैदान सोडून पळणार. गजालाला विचारलं, आता काय करते ही?

"ती काय करीन? खेळीन. टाइम आहे अजून."

आज गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "अम्मी, सामान कधी बांधायचं?" रुसून नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तशा गोड, सपाट आवाजात. हा आवाज तिचा नाही. माझा आहे, जूनमधला.

भुसावळ गेलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

१ नोव्हेंबर

सकाळी एकटी बसस्टँडवर गेले. स्टॉलचं कुलूप गंजलेलं, उघडेना. चहावाल्या जानरावने तेल आणून दिलं. आत धूळ, उंदरांनी कुरतडलेले जूनचे पेपर. पुसून काढलं.

जानराव म्हणाला, "भाभी, स्टॉल कोणाले देऊन राहिले?"

म्हटलं, "कोणाले नाही."

घरी येऊन कप सोडले. फळीवर लावले.

२ नोव्हेंबर

जैनुद्दीनभाई टेम्पो घेऊन आले. मी दारातच सांगितलं, आम्ही येत नाही. गजाला कुठे म्हणून विचारलं. म्हटलं, मैदानावर.

चहा घेतला. टेम्पो रिकामा गेला.