एक मिनिट स्तब्धता

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय दादा,

उभ्या उभ्याच नमस्कार. वाकायचं म्हटलं तर हल्ली कंबर आधी कारण विचारते. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीक असणार, कारण तुझ्या पत्रात तब्येतीला एक ओळ आणि रविवारच्या प्रकाशनाच्या सभागृहाला दीड पान आहे.

पुस्तक येतंय म्हणून मनापासून अभिनंदन. एक शास्त्रज्ञ मेलेल्यांचे तुकडे जोडून माणूस उभा करतो, त्याने डोळे उघडताच स्वतःच पळ काढतो, आणि मग त्या बिचाऱ्याचं तोंड बघून जग त्याला दारोदार हाकलतं. त्या जुन्या भयकादंबरीवर एवढं जाडजूड पुस्तक लिहायचं आणि वर 'ओळख आणि समाजाचा स्वीकार' असं नाव द्यायचं, म्हणजे खायचं काम नाही. राक्षसाच्या बाजूने इतकं कळकळीने बोलणारा वकील त्याला त्याच्या हयातीत मिळाला असता तर त्याचं भलं झालं असतं.

तू लिहितोस, 'रविवारी गर्दी फार असेल, तुला त्रास होईल, पुस्तक घरपोच पाठवतो.' दादा, गर्दीचा त्रास मला कधी झाला? गर्दीला माझा होतो, तोही पहिली दोन मिनिटं. लोक आधी माझ्याकडे बघतात. कपाळापासून हनुवटीपर्यंत पसरलेला जांभळा डाग आणि त्या बाजूला लोंबणारा ओठ एका नजरेत मावत नाही, म्हणून मग ते भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. मग पुन्हा माझ्याकडे. तिसऱ्यांदा बघतात तेव्हा विचारतात, "बाई, कवळी कधी मिळेल?" एवढाच तो समाजाचा स्वीकार. मी रोज घडताना बघते, त्यात रडण्यासारखं काही नसतं.

माझ्या कवळ्यांच्या लॅबचं म्हणशील तर जोरात आहे. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आता सगळं काम माझ्याकडेच पाठवतात. पॉलिशला बसणारी आमची ठमाबाई (खरं नाव वेगळं, पण तिच्या चालीला हेच शोभतं) लग्न ठरवून मोकळी झाली. मुलाने होकार दिला तेव्हा ही त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "खालची दाढ दाखवा आधी." लोकांची हौस तीच आहे. सत्तरीचा माणूस येतो आणि म्हणतो, सगळे दात एकसारखे, पांढरेशुभ्र, एका रांगेत पाहिजेत. मी सांगते, आजोबा, ते तोंड वाटणार नाही, स्वयंपाकघरातली फरशी वाटेल. एखादा दात जरा वाकडा असू द्या. तुझे पुढचे दोन मी मुद्दाम तसेच केले होते, आठवतंय? वहिनीलासुद्धा महिनाभर कळलं नव्हतं.

तर आता तुमच्या प्राचार्यांकडे येते. मघापासून मी त्यांनाच वळसा घालतेय.

मार्चमधल्या तुझ्या व्याख्यानाला मी पोचले तेव्हा व्याख्यान संपलं होतं. बस चुकली होती. हातात फुलं होती. व्हरांड्यात तुम्ही सगळे चहाचे कप धरून उभे होतात. मला बघून तुझा चेहरा कसा झाला ते सांगत नाही, तुला तो आतून माहीत असेल. प्राचार्य म्हणाले, "आणि या कोण?"

तू म्हणालास, "या... आमच्या दातांच्या लॅबच्या बाई."

"म्हणजे सर, तुमचे दात...?"

"पुढचे दोन," तू म्हणालास.

दादा, त्या दोन दातांची बातमी तू सख्ख्या सासऱ्यांपासून लपवली होतीस. ते खोटे दात तू चारचौघांत कबूल केलेस, खरी बहीण नाही केलीस. मी हसले. फुलं टेबलावर ठेवली, म्हटलं, "सर, काही खुपत असेल तर दाखवायला या," आणि निघाले. परतीच्या बसमध्ये मी तुला बरंचसं माफ केलं. म्हटलं, चेहरा आहेच तसा, ऐन समारंभात गडी गोंधळला असेल.

पण ते चेहऱ्यामुळे नव्हतंच.

तुझ्या त्या परिचयाने एक गोष्ट बरी झाली, प्राचार्यांना माझा पत्ता लागला. गेल्या आठवड्यात त्यांची मेणातली कवळी तयार झाली. पक्की करण्याआधी ती तोंडात बसवून माणसाला बोलतं करावं लागतं, स आणि श नीट उमटतात की शिट्टी वाजते ते बघायला. डॉक्टर त्यांना घेऊन वर आले. मी म्हटलं, "बोला काहीतरी, मनात येईल ते."

ते म्हणाले, "सरांचं व्याख्यान सुंदर झालं. सरांची सख्खी बहीण सोळाव्या वर्षी संसार सोडून स्वर्गवासी झाली, सांगताना सरांचा स्वर सुटेना. सगळं सभागृह सुन्न."

सगळे स खणखणीत आले. एवढे स मी ठरवूनही एका दमात बोलून घेतले नसते.

मी विचारलं, "कशाने गेली?"

"चेहऱ्यात दोष होता हो बिचारीच्या. घराबाहेर पडायची नाही. झुरून गेली. त्या राक्षसाचं दुःख सरांना एवढं कळतं ते त्यामुळेच." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी पुसत ते सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या मनात काही जुळेना. कसं जुळणार? ती बिचारी होती, आणि मी त्यांना जीभ वर करायला सांगत होते.

मी कवळी तपासत राहिले. डॉक्टर समोर होते, माझी दोन बोटं प्राचार्यांच्या गालात होती, आणि तसंही ती बातमी देणं माझं काम नव्हतं.

म्हणजे त्या दिवशी व्हरांड्यात तू मला लपवत नव्हतास. अर्ध्या तासापूर्वी मारलेली बाई फुलं घेऊन समोर उभी राहिल्यावर माणूस दुसरं काय करणार? इतक्या घाईत 'लॅबच्या बाई' सुचलं, हेही हुशारीचंच.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, भावनेच्या भरात बोलून गेले गं. लोक इतके रडत होते."

मी म्हटलं, "भावनेच्या भरात माणूस रडतो, वहिनी. बहीण मारत नाही."

"आता पुस्तकातही आलंय ते," ती हळूच म्हणाली. मग कुकरची शिट्टी झाली असं सांगून तिने फोन ठेवला. शिट्टी मला ऐकू आली नाही.

एक सांगू? तू याच गोष्टीबद्दल माझ्याशी पूर्वीही एकदा खोटं बोलला आहेस. पाहुणे आले की आई मला आतल्या खोलीत पाठवायची, कपड्यांच्या घड्या घालायला. तू बाहेरच्या गप्पा सोडून आत यायचास आणि हीच कादंबरी मला वाचून दाखवायचास, मनातल्या मनात मराठी करत. तुझ्या वाचण्यात तो कुरूप माणूस दार वाजवायचा आणि आतले लोक म्हणायचे, "या, बसा." मोठी झाल्यावर मी ती स्वतः वाचली. तिथे आत बोलावणारा एकच, तोही आंधळा म्हातारा. डोळे असलेले काठ्या आणि दगड मारतात. तू तेवढी पानं गाळली होतीस, आणि गाळलेल्या जागी आपल्या पदरचं घातलं होतंस.

त्या खोट्याचा मला राग कधी आला नाही. त्याच्या भरवशावर मी दारं वाजवत गेले. निम्मी उघडली. निम्मी पुरतात, दादा. लॅब त्यातूनच झाली. या ऑगस्टपासून एक निवृत्त नकाशे काढणारे गृहस्थ दर शनिवारी जेवायला येतात, तेही त्यातूनच. (हे तुला आज पहिल्यांदाच कळतंय. कवळी त्यांचीही मीच केली आहे, एक दात वाकडा ठेवून.)

म्हणून मला प्रश्न पडतो की ज्या भावाने मला जगण्यासाठी खोटी गोष्ट सांगितली, त्याला टाळ्यांसाठी मी मेलेली का लागले? त्याचं उत्तर मला पत्रातून नको. पत्रात तू फार सुंदर लिहितोस.

आता रविवारचं. मी येणार आहे. प्राचार्यांनी मला स्वतः बोलावलंय, कवळीवर फार खूश आहेत. पहिल्या रांगेत खुर्ची धरली आहे, वहिनीच्या शेजारी. आणि एक बेत त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितला, तुला कळू द्यायचा नव्हता: प्रकाशन झाल्यावर, तू बोलायला उठण्याआधी, ते तुझ्या दिवंगत बहिणीसाठी सगळ्यांना एक मिनिट स्तब्ध उभं राहायला सांगणार आहेत. म्हणाले, "सरांना भरून येईल, आधी सांगू नका." मी सांगतेय. इतकी वाईट बहीण मी नाही.

पत्र आजच माणसाच्या हाती पाठवतेय, म्हणजे तुझ्याकडे शुक्रवार आणि शनिवार आहेत. प्राचार्यांच्या घरी जाऊन जे आहे ते सांग. ते चिडतील, मग चहा सांगतील. माणूस चांगला आहे. पुस्तकात काय छापलंय ते पुढच्या आवृत्तीत बघू, पण त्या माणसांना तू तुझ्या तोंडाने सांगायला हवंस. मला तिथे तमाशा करायचा नाही, कुणाला खाली पाहायला लावायचं नाही. नवीन साडी घेतली आहे, ती नीट नेसून, भावाचं कौतुक बघायला यायचं आहे.

आणि तुझ्याने नाहीच झालं, तर मी काही ओरडणार नाही. सगळं सभागृह माना खाली घालून उभं राहील आणि पहिल्या रांगेत मी एकटी बसून राहीन, मान वर करून, तुझ्याकडे बघत. मिनिट संपल्यावर कुणीतरी विचारेलच, या बाई उठल्या का नाहीत. उत्तर मी देणार नाही, ते तुला विचारलेलं असेल. तुझ्याजवळ माईक असेल.

वहिनीला सांग, शेजारची खुर्ची धरून ठेव. मी वेळेवर पोचेन, या वेळी आदल्या बसने निघते आहे.

तुझी सख्खी, धडधाकट आणि रविवारी मोकळी असलेली

धाकटी बहीण